पालखी पुढे गेल्यावर मागे राहणारे

लोणंदचा मुक्काम हलवून माउलींची पालखी तरडगावच्या वाटेला लागली, चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण झाले आणि त्याच दिवशी आमच्या दिंडीच्या पंगतीत साने गुरुजींचा विषय निघाला. दिंडीतले एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "माउली, कोण कुठल्या जातीचा, हे कोणी विचारत नाही. गुरुजी आज इथे असते तर त्यांचे डोळे भरून आले असते." डोळे तर गुरुजींचे सहजच भरून येत, त्यामुळे त्याबद्दल मला शंका नव्हती; पण ते समाधानाने भरून आले असते का, हा प्रश्न पुढचे काही मुक्काम माझ्याबरोबर चालत राहिला.

पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभले. त्याआधी सेनापती बापट आणि सेवादलाचे कलापथक यांच्यासह ते महाराष्ट्रभर हिंडले होते आणि गावोगावची देवळे व विहिरी खुल्या करण्याचे आवाहन करत होते. उपोषणाला जागा मिळणेही अवघड होते. ती तनपुरे महाराजांनी आपल्या मठात दिली. ज्यांना ते गुरुस्थानी मानत त्या गांधीजींनाही हे उपोषण पसंत नव्हते आणि त्यांनी ते थांबवण्यास कळवले होते, तरी गुरुजी मागे हटले नाहीत. दादासाहेब मावळंकरांची मध्यस्थी, मंदिराचे पुजारी असलेल्या बडव्यांशी झालेल्या वाटाघाटी आणि मुंबई प्रांतात आकार घेत असलेला मंदिरप्रवेशाचा कायदा, असे सारे जुळून आल्यावर १० मे रोजी उपोषण सुटले. स्वभावाने इतका हळवा माणूस इतका हट्टी कसा होऊ शकला, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे. त्यांनी हट्टासाठी पंढरपूरच निवडले, कारण शेतकऱ्या-कष्टकऱ्यांचे मन जिथे गुंतलेले आहे तिथले दार उघडले तर बाकीची दारे फार काळ बंद राहणार नाहीत, असा त्यांचा विश्वास असावा.

त्या एका दाराचा हिशेब आज त्यांना नक्कीच सुखावेल. बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा कायदा १९७३ साली झाला, त्यावरचा वाद जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मिटला, आणि पुढे मंदिर समितीने पुजारीपदासाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले. गुरुजींनी केवळ दर्शन मागितले होते. काळाने पूजेचा अधिकारही पदरात टाकला.

तथापि मला वाटते की गुरुजी दाराशी फार वेळ रेंगाळले नसते. फलटणच्या पुढे एका मुक्कामी पाय सुजल्यामुळे मी पहाटे दिंडीबरोबर निघू शकलो नाही, म्हणून पालखीतळ रिकामा झालेला मला पाहता आला. तंबू उठले होते, टँकर निघून गेले होते आणि चिखलात पत्रावळी, प्लास्टिकचे पेले, उरलेला भात व फिरत्या शौचालयांची ओळ एवढेच उरले होते. ते सारे उपसायला कंत्राटी सफाई कामगारांची एक टोळी आली. त्यांतल्या एका बाईला मी "माउली" म्हणून हाक मारली, तेव्हा तिने आधी मागे वळून पाहिले, कारण ही हाक तिच्यासाठी असेल असे तिला वाटलेच नाही. हातमोजे दोघांत एक जोडी होते. टोळीतील कोणीही आजवर पंढरीला चालत गेलेले नव्हते. पालखी आली की त्यांच्या रजा बंद होतात. आईनंतर मुलगी आणि काकानंतर पुतण्या याच कामावर आल्याचे त्यांनी सांगितले, त्यामुळे जात विचारण्याची गरज उरली नाही.

१९३६ साली फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनात गुरुजींनी स्वतः मैलासफाई केली होती, हे ध्यानात घेतले तर त्यांची नजर वारीत प्रथम कुठे गेली असती हे कळते. वैष्णवांच्या मेळ्यात सर्वांनी एकमेकांच्या पाया पडावे आणि त्या मेळ्याची घाण मात्र पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक घरांनीच उचलावी, ही व्यवस्था त्यांना १९४७ च्या बंद दारापेक्षा अधिक जाचली असती, कारण दार दिसते तरी. ही व्यवस्था वारीत राहूनही दिसत नाही.

नातेपुत्याकडे जाताना मी हे सर्व दिंडीतल्या लातूरकडच्या एका तरुणाला सांगितले. तो टाळ सांभाळत शांतपणे म्हणाला, "इथं मी तुमच्या शेजारी जेवतो. गावाकडं आमचं स्मशान अजून वेगळं आहे, आणि पावसाळ्यात तिथं जायला रस्ता नाही." मग त्याने बाबासाहेबांचा दाखला दिला: १९३० पासून काही वर्षे काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालवूनही दार उघडले नाही, तेव्हा त्यांनी १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि मंदिरांचा नाद सोडण्यास सांगितले. मग तू वारीला का येतोस, असे मी विचारले. त्याचे आजोबा चोखोबांचे अभंग म्हणत, म्हणून, असे त्याचे उत्तर होते. गुरुजी आणि बाबासाहेब यांच्या मार्गांतील अंतर त्याने आपल्यापुरते असे मिटवले होते; मला ते अजून मिटवता आलेले नाही, आणि आजच्या गुरुजींनाही कदाचित बाबासाहेबांच्या बाजूला बरेच सरकावे लागले असते.

वेळापूरच्या मुक्कामी मी विणेकरीबुवांपुढे प्रस्ताव मांडला की पुढच्या वर्षी भिशीत, म्हणजे दिंडीच्या वर्गणीत, थोडी रक्कम वाढवून सफाई कामगारांसाठी हातमोजे, बूट आणि एक दिवसाची पंगत ठेवावी. ते प्रशासनाचे काम आहे, असे काहींचे म्हणणे पडले. निवृत्त शिक्षक बराच वेळ गप्प होते. शेवटी त्यांनी विचारले की पंगत ठेवली तर त्या दिवशी वाढायला कोण उभे राहणार आणि खरकटे कोण काढणार. लातूरच्या तरुणाने खरकट्यासाठी आमची दोघांचीही नावे लिहून घ्यायला सांगितली. भिशीचा निर्णय काल्यानंतरच्या बैठकीवर ढकलला गेला.