टीडीएस कापला म्हणजे विषय संपला, असं मला वाटत होतं

डिसेंबर २०२४. इंदूरच्या जेल रोडवर स्कूटर लावायला जागा शोधत होतो आणि खिशात फोन वाजला. आयकर खात्याचा मेसेज: तुमच्या विवरणपत्रातली माहिती आणि आमच्याकडची माहिती जुळत नाही. आधी वाटलं, लिंकवर क्लिक करायला लावणारी फसवाफसवीच असेल. घरी येऊन लिंक न उघडता सरळ पोर्टलवर लॉगिन केलं आणि एआयएस पाहिलं, म्हणजे आपल्या उत्पन्नाची खात्याकडे जमा असलेली वर्षाची यादी. भाडं २,६४,००० रुपये, त्यावर कापलेला कर २६,४००. माझ्या विवरणपत्रात मात्र भाड्याचा पत्ताच नव्हता.

आम्ही राहतो राजेंद्र नगरात. घर आईच्या नावावर, बाबांनी तिच्याच नावाने घेतलेलं. वरच्या दोन खोल्यांत भंवरकुआला क्लास करणारी मुलं असतात, त्यांचं महिना ९,००० रुपये भाडं. निपानियातला दोन बेडरूमचा फ्लॅट माझा, कर्ज काढून घेतलेला. एप्रिल २०२३ पासून तो एका कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यासाठी २२,०००ने घेतला. खात्यात यायचे १९,८००. दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापतोय, असं त्यांच्या अकाउंटंटने सांगितलं होतं आणि मी निर्धास्त झालो. कर कापला, सरकारला पोचला, आता माझं काय काम? बँकेच्या एफडीबद्दलही कितीतरी जण असाच विचार करतात. आमच्या ऑफिसात पाचशे रुपयांत सगळ्यांची रिटर्न भरून देणारा एक जण आहे, त्याने पगाराचा फॉर्म १६ तेवढा पाहिला. भाडं येतं का, हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

त्या रात्री कागदावर गणित मांडलं. माझा वरचा स्लॅब वीस टक्क्यांचा. २,६४,००० वर ५२,८००, त्यातून कापलेले २६,४०० वजा, म्हणजे अजून तेवढेच भरायचे; सेस, व्याज वेगळं. शिवाय वरच्या मजल्याचे वर्षाचे १,०८,००० माझ्याच खात्यात यूपीआयने येत होते. तेही धरले तर? झोप कसली येतेय.

दुसऱ्या दिवशी साउथ तुकोगंजला बाबांच्या ओळखीच्या सीए काकांकडे गेलो. त्यांनी माझा कागद पाहिला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "अरे, हे तू स्वतःला दंड लावायला मांडलंयस का?"

मग त्यांनी एकेक ओळ खोडत नेली. भाड्यातून आधी वर्षात प्रत्यक्ष भरलेला नगर निगमचा संपत्ती कर वजा होतो. माझा शून्य! नामांतरणच केलं नव्हतं, खातं अजून बिल्डरच्या नावावर, त्यामुळे कर भरायचं डोक्यातच आलं नव्हतं. नंतर उरलेल्या रकमेच्या तीस टक्के सरळ वजा, पावती लागत नाही. मी सोसायटीचा मेंटेनन्स, रंगकाम, ब्रोकरला दिलेले ११,००० अशी यादी घेऊन गेलो होतो. ती त्यांनी बाजूला ठेवली. "हे सगळं त्या तीस टक्क्यांत आलं. एक रुपया खर्च केलास तरी तीस, लाख केलास तरी तीस." डिपॉझिटचे ४४,००० उत्पन्नातच येत नाहीत, कारण ते परत द्यायचे असतात.

७९,२०० गेले, उरले १,८४,८००. आता कर्ज. माझा हप्ता १८,२००चा, वर्षाचे २,१८,४००. ते सगळेच वजा होणार म्हणून मी खूश. पण हप्त्यातलं फक्त व्याज इथे चालतं. मुद्दल तेव्हाच्या ८० सी या वेगळ्या वजावटीत जायचं, तेही जुन्या, जास्त वजावटींच्या करपद्धतीत. बँकेच्या प्रमाणपत्रात व्याज होतं १,७४,०००. म्हणजे १०,८०० रुपये करपात्र.

एवढ्यावरच मी पेढे वाटायच्या तयारीत होतो. काकांनी विचारलं, "पझेशन कधी मिळालं?"

फेब्रुवारी २०२३. "आणि कर्जाचा पहिला हप्ता बँकेने बिल्डरला कधी दिला?" २०२०. त्या मधल्या काळात मी नुसतं व्याज भरत होतो, घर नव्हतं. ताबा मिळाला त्या आर्थिक वर्षाच्या आधीच्या ३१ मार्चपर्यंतचं हे व्याज पाच समान भागांत, घर पूर्ण झालं त्या वर्षापासून वजा करता येतं. बँकेकडून जुने दाखले काढले, बेरीज १,८०,०००. दर वर्षी ३६,०००. पहिल्या वर्षीचा भाग मी घालवलाच होता, दुसरा हाताशी होता. एकूण व्याज २,१०,०००, म्हणजे भाड्याचं करपात्र उत्पन्न शून्य होऊन वर २५,२०० रुपये तोटा.

हा तोटा पगारातून वजा करता आला असता, वर्षाला दोन लाखांपर्यंत, पण जुन्या पद्धतीत. २०२३-२४ पासून नवी पद्धत आपोआप लागते आणि आमच्या पाचशेवाल्याने ती तशीच राहू दिली. जुनी निवडायची मुदत ३१ जुलै २०२४लाच संपली होती. नव्या पद्धतीत हा तोटा पगाराला लागत नाही, पुढेही नेता येत नाही. दुसऱ्या घराच्या भाड्यातून मात्र वजा होतो. मी लगेच म्हटलं, मग वरच्या मजल्याचं भाडं दाखवू माझ्याकडे, त्यात जिरेल.

"घर कोणाचं?"

"आईचं."

"मग भाडं आईचं. तुझ्या खात्यात आलं म्हणून तुझं होत नाही." १,०८,००० मधून तीस टक्के गेले की ७५,६००, आणि तिची फॅमिली पेन्शन धरूनही ती करपात्र मर्यादेच्या खाली. म्हणजे ज्या पैशाच्या भीतीने मी रात्रभर जागलो, त्यावर कोणालाच कर नव्हता.

रिव्हाइज्ड, म्हणजे दुरुस्त, रिटर्न भरलं. मुदत ३१ डिसेंबरची होती, ती नंतर १५ जानेवारीपर्यंत वाढली, पण आम्ही आधीच उरकलं. आधारच्या ओटीपीने ई-व्हेरिफाय केलं. कापलेले २६,४०० परत आले. आपलेच पैसे होते, पण रिफंड आल्यावर बायकोने त्याला 'लॉटरी' म्हटलं, मी सुधारलं नाही.

नगर निगमच्या झोन कार्यालयाच्या दोन फेऱ्या मात्र चुकल्या नाहीत. नामांतरणासाठी रजिस्ट्रीची प्रत, बिल्डरचा कागद, पुन्हा प्रत. संपत्ती कर राहत्या घराला निम्मा असतो, भाड्याने दिलेल्याला पूर्ण; मी भाड्याचंच सांगितलं. दोन वर्षांचा कर एकदम भरला. तो ज्या वर्षी भरला त्याच वर्षात वजा होतो, म्हणून ती पावती पुढच्या फाइलीत.

एप्रिल २०२५ मध्ये खात्यात पूर्ण २२,००० आले. कंपनीच्या अकाउंटंटला फोन केला तर म्हणाला, "सर, अब लिमिट महीने का पचास हजार हो गया, टीडीएस नहीं कटेगा." भाडं विवरणपत्रात दाखवावं लागतंच, कापणारा मात्र आता कोणी नाही.

आईला हे सगळं जेवताना सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे वरच्या मुलांचं भाडं आता माझ्या खात्यात येणार ना?"

आता येतं. दर महिन्याच्या पाच तारखेला पासबुक छापून आणायचं काम माझ्याकडे आहे.