डाळीच्या गावातली माझी दुकानं

"तिकडे इंडियन स्टोअर नाही? मग खाता काय तुम्ही?" हे मला न्यू जर्सीतल्या मावसबहिणीपासून लातूरच्या शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, आणि विचारताना आवाजात अशी काही कीव असते की जणू आम्ही वनवासातच आहोत. तर आज एकदाचं लिहूनच टाकते.

आम्ही राहतो पुलमनला. वॉशिंग्टन राज्याच्या पार पूर्वेच्या टोकाला, सिअ‍ॅटलहून गाडीने साडेचार-पाच तास. आठ मैल पुढे गेलं की राज्याची हद्द आणि पलीकडे मॉस्को, रशियातलं नव्हे हो, आयडाहोतलं. दोन्ही गावांत एकेक युनिव्हर्सिटी, आणि गाव संपलं की चारी बाजूंना गव्हाच्या टेकड्याच टेकड्या. या सगळ्या पट्ट्याचं नाव पलूस (सांगलीकरांनी हसून घ्यावं). खरंखुरं इंडियन स्टोअर स्पोकेनला, पंचाहत्तर मैलांवर, आणि जानेवारीत रस्त्यावर बर्फ असला की ते पंचाहत्तर मैल नकोसे होतात.

पण कीव करणाऱ्यांना एक माहीत नसतं, की आम्ही डाळीच्या गावात राहतो. मसूर, काबुली चणा आणि वाटाणा, तिन्ही इथे घराच्या मागच्या टेकडीवर पिकतात. मसूर तर शंभरेक वर्षांपासून. पाटपाणी वगैरे काही नाही, हिवाळ्यात पडलेल्या बर्फाची आणि पावसाची जी ओल जमिनीत मुरते तिच्यावर सगळं, एप्रिल-मेमध्ये पेरायचं आणि ऑगस्टमध्ये काढायचं. गव्हाच्या फेरपालटीत मसूर घेतला की जमिनीला नत्र मिळतं, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. मॉस्कोत तर अमेरिकेच्या मसूर-वाटाणा उत्पादकांच्या कौन्सिलचं ऑफिसच आहे, आणि पुलमनला १९८९ पासून दर ऑगस्टमध्ये नॅशनल लेंटिल फेस्टिव्हल भरतो, त्यात भल्यामोठ्या कढईत मसुराची चिली (म्हणजे घट्ट तिखट रस्सा) शिजवतात आणि सगळ्यांना फुकट वाटतात. चांगली असते. फोडणी नाही एवढंच.

म्हणून माझं पहिलं लाडकं दुकान म्हणजे मॉस्को फूड को-ऑप. १९७३ पासून आहे, सभासदांच्या मालकीचं, म्हणजे आपल्या ग्राहक भांडारासारखंच म्हणा, फक्त इथे आत कॉफी आणि ताजा ब्रेड पण मिळतो. मला आवडतो तो सुट्या मालाचा भाग. ओळीने डबे लावलेत, खालचा खटका ओढायचा की आपल्या पिशवीत धान्य, मग डब्यावरचा नंबर पिशवीवर लिहायचा. मसूर, छोले, गव्हाचं पीठ, आणि हळद-जिरं-धने सुद्धा सुटे, हवे तर दोन चमचे घ्या. स्थानिक शेतातला माल असला की तसं लिहिलेलं असतं. छोले इथलेच एवढे टपोरे की रात्री भिजवले की सकाळी पातेलं पुरत नाही.

हेच सुटं धान्य स्वस्तात हवं असेल तर मॉस्कोतच विनको आहे, मोठं, गोडाऊनसारखं, शोभा शून्य पण भाव बरे. ते आयडाहोचंच, कर्मचाऱ्यांच्या मालकीचं. आता यात एक गोम आहे. आयडाहोत किराण्यावर पण सहा टक्के सेल्स टॅक्स लागतो आणि वॉशिंग्टनमध्ये किराण्यावर टॅक्स नाही. त्यामुळे इथला प्रत्येक माणूस डोक्यात कायम हिशेब करत असतो की आठ मैल जाऊन काय परवडतं. माझा नवरा हा हिशेब एक्सेलमध्ये करतो, त्याबद्दल मी इथे जास्त बोलत नाही.

मे ते ऑक्टोबर दर शनिवारी सकाळी मॉस्कोची मेन स्ट्रीट गाड्यांना बंद करतात आणि तिथे शेतकरी बाजार भरतो. आठ ते एक. लवकर जा, दहानंतर पार्किंग मिळत नाही आणि गर्दी भाजी घ्यायला कमी आणि कुत्री फिरवायला जास्त असते. गेल्या वर्षी आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेले. बाबांची लातूरच्या मोंढ्यात पंचवीस-तीस वर्षं आडत होती. आई लगेच कोथिंबिरीच्या जुडीत गुंतली (जुडी कसली, चार काड्या, आणि त्याचे डॉलर) आणि बाबा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या स्टॉलवर जाऊन उभे, त्याच्याकडे स्वतःच्या शेतातल्या मसुराच्या पिशव्या होत्या आणि दाखवायला एका वाडग्यात सुटा मसूर. बाबांनी काही न बोलता चिमूटभर उचलला, तळहातावर पसरला, फुंकर मारली, बोटाने दाणे इकडेतिकडे केले आणि मग एक दाणा दाढेखाली धरून कट्टकन फोडला. ओल बघायची ती मोंढ्यातली रीत. मला वाटलं आता हा माणूस वैतागणार. तर त्याने पण एक दाणा उचलला आणि तसाच दाढेखाली फोडला! इथेही म्हणे मशीन येण्याआधी असंच बघायचे. मग काय, मी मध्ये दुभाषी आणि हे दोघं अर्धा तास, एकरी किती निघतो, तुमच्याकडे मर रोग येतो का, भाव कोण ठरवतं. त्या म्हाताऱ्याला भारताच्या आयात शुल्काच्या तारखा माझ्यापेक्षा पाठ होत्या. २०१९ च्या जूनमध्ये भारताने अमेरिकेच्या मसूर, चणा, सफरचंदावर जादा शुल्क लावलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये काढलं, ही बातमी आपण व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून विसरतो, इथे त्याच्यावर लोकांचं वर्ष ठरतं. बाबा म्हणाले, "आमच्याकडे उलटं असतं, बाहेरचा माल आला की आमचा भाव पडतो." मी भाषांतर केलं. दोघांनी मान हलवली. भांडण करण्यासारखं होतं खरं तर, पण म्हाताऱ्याने वर अर्धा किलो मसूर तसाच दिला.

त्या मसुराचा आईने अख्खा मसूर केला. इथला तपकिरी मसूर आपल्यापेक्षा मोठा आणि चपटा असतो, लवकर शिजतो, कुकरला लावलात तर लगदा होईल, उघड्या भांड्यात करा.

आता दुसरं टोक, फार्म सप्लायचं दुकान. अशी दुकानं इथे प्रत्येक गावात असतात आणि माझ्यासारख्या शेत नसलेल्या बाईला तिथे तासभर सहज लागतो. घोड्याचा खुराक, गाईंनी चाटायच्या मिठाच्या विटा, कुंपणाची तार, जाड कामाच्या पँटी, आणि वसंतात पत्र्याच्या मोठ्या टाक्यांमध्ये कोंबडीची पिल्लं. वर लाल दिवा लावलेला, खाली भुसा, आणि पन्नास-साठ पिवळी पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून चिवचिवतायत. लेक तिथून हलतच नाही. मी मात्र जाते ती काचेच्या बरण्यांसाठी. इथल्या बायका उन्हाळ्यात टोमॅटो, पीचेस, काकड्या बरण्यांत भरून ठेवतात, त्यामुळे बरण्या, झाकणं, रिंगा सगळं डझनावारी मिळतं आणि लिंबाच्या लोणच्याला यापेक्षा चांगली बरणी मी पुण्यात पण बघितली नाही. बिडाचा तवा पण तिथलाच. नावाला स्किलेट, पण धिरडी अशी सुटतात की बास.

आमच्या पुलमनच्या युनिव्हर्सिटीचं फर्डिनंड्स नावाचं दुकान तर पाहुण्यांना दाखवायचं ठिकाण. आईस्क्रीम मिळतं, पण खरी गोष्ट म्हणजे कूगर गोल्ड, पांढरं चेडर चीज, तेही पत्र्याच्या गोल बंद डब्यात. एकेक डबा तीस औंसांचा, म्हणजे साडेआठशे ग्रॅम. १९४० च्या दशकात इथल्याच डॉ. गोल्डिंग नावाच्या प्राध्यापकांच्या संशोधनातून आलं, नावातलं गोल्ड त्यांचंच. किमान वर्षभर मुरवलेलं असतं आणि डबा फ्रीजमध्ये न उघडता ठेवला तर आणखी मुरत जातो. चव जरा खारट, कुसकरतं, गरम थालीपिठावर किसून घातलं तर लोणी विसराल. चीज विमानाने भारतात न्यायचं असेल तर मात्र आधी विचार करा, आमचा एक डबा आत्याकडे पोचेपर्यंत फुगला होता आणि ती घाबरून तो गच्चीत ठेवून आली.

मॉस्कोतलं हॉजिन्स पण सांगते, औषधांचं जुनं दुकान, आणि त्यातच खेळणी, कोडी, मॉडेल ट्रेन. खोकल्याचं औषध आणायला पाठवलेला नवरा जिगसॉ घेऊन येतो.

अंडी मी दुकानातून घेतच नाही. गावाबाहेरच्या रस्त्याला एका घराच्या फाटकापाशी कूलर ठेवलेला असतो, झाकण उघडा, डझन उचला, शेजारच्या डब्यात पैसे टाका. कोणी बघायला नसतं. सुटे पैसे जवळ ठेवा, कारण परत कोण देणार.

आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गारफिल्डजवळ बिशप ऑर्चर्ड. सफरचंदं आपण झाडावरून तोडायची, आणि तिथेच जुन्या लाकडी प्रेसमध्ये रस काढता येतो, म्हणून घरून रिकामे कॅन न्या. मधमाश्या भरपूर असतात, लहान मुलांना सांभाळा. गोड सफरचंदं सगळे तोडतात, मी हिरवी आंबट शोधते. त्यांचा मेथांबा फर्स्टक्लास होतो, कैरीची आठवण येत नाही. किसून चुंदा पण होतो. पन्हं मात्र होत नाही, उगाच गूळ वाया घालवू नका.