साथीला बसताना

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काय लिहावं, असा प्रश्न मला पडलाच नाही. संगीताच्या बाईंबद्दल आणि त्यांनी माझ्या हाताला लावलेल्या पेटीच्या साथीच्या वळणाबद्दल लिहायचं, हे केव्हाच ठरलं होतं.

पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेले, तर तिथल्या कॉलेजात बरोक संगीताचा वाद्यवृंद होता. साधारण १६०० ते १७५० या काळातलं युरोपीय संगीत, त्याच काळाच्या धाटणीच्या वाद्यांवर. व्हायोलिनला आतड्याच्या तारा, समोर हातवारे करणारा संचालक नाही. शाळा सुटल्यावर मी पियानो शिकले होते, म्हणून मला हार्प्सिकॉर्डवर, म्हणजे पियानोच्या आधीच्या काळातल्या पट्ट्यांच्या वाद्यावर, बसवलं. समोर कागद आला त्यात डाव्या हातासाठी खर्जाची एक ओळ आणि तिच्याजवळ बारीक आकडे. उजव्या हातासाठी काहीच लिहिलेलं नव्हतं.

याला कंटिन्युओ म्हणतात. आकडा नसेल तर खालच्या स्वरापासून मोजून तिसरा आणि पाचवा स्वर घ्यायचा. ६ असेल तर तिसरा आणि सहावा. ४ नंतर ३ असेल तर चौथ्यावर रेंगाळून तिसऱ्यावर उतरायचं. किती स्वर भरायचे, कुठल्या सप्तकात, एकदम की एकामागून एक, हे वाजवणाऱ्यानं ठरवायचं. हार्प्सिकॉर्डची तार नखीने छेडली जाते, त्यामुळे बोट जोरात आपटलं तरी आवाज फारसा वाढत नाही. नाजूक जागी दोनच स्वर ठेवायचे, सगळे मिळून उसळले की मूठभर. पेटीवर डावा हात भात्याला अडकलेला असतो, तेव्हा माझ्या डाव्या हाताला मेहनत पडली. उजव्याला मात्र हे काम ओळखीचं होतं. स्नेहसंमेलनात नाट्यगीतांना साथ करताना बाई मागून सांगायच्या, "त्याचा श्वास ऐक गं. तो कुठे थांबणार ते तुला आधी कळलं पाहिजे." व्हायोलिनवाल्यांच्या गजाकडे बघत मी तेच करत होते.

वाद्यं ज्यावरून लावायची तो आमचा आधारस्वरही खाली होता. आजच्या ४४० ऐवजी ४१५ हर्ट्झ, म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर. आमच्या हार्प्सिकॉर्डची अख्खी पट्टी एक घर सरकवता यायची, स्केल चेंजर पेटीसारखीच!

वाद्य लावायचं कामही वाजवणाऱ्याचंच. सतराव्या शतकातल्या रचना असल्या की आम्ही मीनटोन पद्धतीने लावायचो. पियानोचा गांधार शुद्ध गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढा असतो. जुन्या मीनटोनमध्ये बहुतेक गांधार शुद्ध ठेवतात आणि त्याची किंमत म्हणून काही स्वरसंगती कानाला सोसवत नाहीत. सोबतचे विद्यार्थी यंत्राच्या सुईकडे बघून लावायचे. मला सुई लागली नाही. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गांधार बाईंनी आम्हाला डोळे मिटून ऐकायला लावला होता, तोच मी शोधायचे. दोन तारांमधली थरथर मंदावत जाते आणि एका क्षणी स्वर निवांत बसतो. तो क्षण मला आजही कुठल्याही टाळीपेक्षा मोलाचा वाटतो.

नाताळच्या कार्यक्रमात आम्ही कोरेल्ली या इटालियन संगीतकाराची सहाव्या संग्रहातली आठवी कॉन्चेर्तो, म्हणजे वाद्यवृंदासाठीची रचना, वाजवली. हा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर, १७१४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. त्या काळी संथ भागात वादकाने आपल्या हरकती घालाव्यात अशी रीत होती, पण या रचनेच्या सुरुवातीच्या संथ भागावर कोरेल्लीने स्पष्ट लिहून ठेवलंय की आहे तसंच वाजवा. दोन व्हायोलिनचे स्वर एकमेकांना घासतात, दुखतात, मग सुटतात. तिथे मी उजव्या हाताने जवळजवळ काहीच केलं नाही. साथीदाराने केव्हा गप्प राहावं, हे मी आठवीत शिकले होते.

शाळेला एक विनंती आहे. संगीताच्या खोलीतले दोन्ही तंबोरे कपाटात बंद करू नका. इलेक्ट्रॉनिक तानपुरा सोयीचा आहे, तो असू द्या. पण घोडीवर तारेखाली जवारीचा दोरा सरकवून तार बोलती करण्याचं काम मुलांच्या हाती द्या. त्यासाठी लागणाऱ्या तारा आणि दुरुस्तीचा खर्च दरवर्षी मी पाठवीन.