बेसलाइनने खाल्लेले सहा आठवडे

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा जुना डेटा घेतला होता. ४५ मीटरच्या ३० डिशनी एक रेडिओ दीर्घिका पाहिलेली. तिच्या केंद्रातला झोत थंड हायड्रोजन बाहेर ढकलतोय का, एवढंच शोधायचं होतं. डेटा उतरवणं, खराब चॅनल (वारंवारतेचे बारीक तुकडे) काढणं, कॅलिब्रेशन म्हणजे यंत्राच्या चुका दुरुस्त करणं, सगळं ऐरोलीत घरच्या कॉम्प्युटरवर पार पडलं.

अडलं ते कंटिन्यूअम, म्हणजे स्रोताचा सगळ्या वारंवारतांवर पसरलेला प्रकाश, वजा करताना. त्यासाठी त्यावर एक रेघ बसवावी लागते, तीच बेसलाइन. हायड्रोजनची रेषा १४२०.४ मेगाहर्ट्झची, पण माझी दीर्घिका दूर जातेय म्हणून ती १३५९च्या आसपास. तिथे खोल, अरुंद खड्डा लगेच दिसला, म्हणजे वायूने मागचा रेडिओ प्रकाश शोषल्याची खूण. तो दीर्घिकेत शांतपणे फिरणाऱ्या वायूचा. बाहेर फेकलेला वायू आपल्याच दिशेने येतो, म्हणून वेगाच्या आलेखात खड्ड्याच्या डावीकडे, कमी वेगाच्या बाजूला, उथळ आणि लांब उतार हवा होता. आयसी ५०६३ या दीर्घिकेत १९९८ साली असाच दिसला होता. मागच्या रेडिओ स्रोताच्या तीव्रतेच्या जेमतेम पाव टक्का, पण हवाच. माझ्याकडे तिथे सपाट रेघ. सहा आठवडे! आई चहा ठेवताना विचारायची, "काय गं, सरळच का अजून?" रडू यायचं मला.

बेसलाइन बसवताना मी फक्त खड्डा वगळला होता आणि उरलेल्यावर तिसऱ्या घाताची बहुपदी टाकली होती. तिने उतारालाच बेसलाइन समजून वजा करून टाकलं. प्रत्येक पायरीवर पानंच्या पानं माहिती मिळते, पण रुंद शोषणासाठी किती लांबपर्यंतचे चॅनल सोडायचे हे कुणी ठळक लिहीत नाही. याचा मला अजून राग आहे. डावीकडे सेकंदाला १००० किलोमीटर, म्हणजे साधारण साडेचार मेगाहर्ट्झ सोडले, सरळ रेषा बसवली, आणि खड्ड्याच्या काठावरून घसरगुंडीसारखा उतार वर आला.

लगेच खूश होऊ नका. तीच स्क्रिप्ट फेज कॅलिब्रेटरवर, म्हणजे दुरुस्तीसाठी अधूनमधून पाहिलेल्या जवळच्या स्रोतावर, चालवा. तिथेही उतार आला तर तो यंत्राचा. माझा कॅलिब्रेटर सपाट आला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आईला उठवून दाखवला.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: बँडपास कॅलिब्रेटरला (ज्या तेजस्वी स्रोतावरून प्रत्येक चॅनलची संवेदनशीलता ठरवतात) किती वेळ दिलाय ते डेटा निवडतानाच बघा, नाहीतर तिथला नॉइजच पाव टक्क्याला गिळतो. आणि आमच्याकडे देखभालीसाठी वीज बहुतेक शुक्रवारीच जाते. मोठा रन गुरुवारी रात्री लावू नका, माझे दोन असेच गेले.