बाबांची जावा आणि संगणकात न दिसणारी नोंद

इंजिन उघडून, घासून, पुन्हा बांधून सुरू करायला पाच महिने लागले. तीच गाडी आरटीओच्या संगणकात चढवून घ्यायला अकरा महिने गेले. आता मी ती आठवड्यातून चार दिवस कामावर नेते, तरी ती खिडकी आठवली की अजून डोकं तापतं. ज्यांच्या पडवीत किंवा जिन्याखाली एखादी जुनी जावा नाहीतर येझदी मोटरसायकल गोधडीखाली झाकलेली आहे, आणि जिला दाखवायला नाही तर चालवायला बाहेर काढायची आहे, त्यांनी पान्याला हात लावायच्या आधी आरसी बुक शोधावं. मी उलटं केलं.

गाडी १९६९ ची जावा २५०. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. मरून रंग, टाकीच्या दोन्ही बाजूंना क्रोम, दोन सायलेन्सर, सोळा इंची चाकं. बाबा कृषी खात्यात होते आणि तालुक्यातली सगळी गावं त्यांनी हिच्यावरून पालथी घातली. किकचा दांडा आत दाबून फिरवला की तोच गिअरचा दांडा होतो, हे मला सातवीत कळलं होतं आणि तेव्हापासून ही गाडी मला चालवायची होती. २००६ मध्ये त्यांचे गुडघे गेले आणि गाडी उभी राहिली. २०१९ मध्ये बाबा गेले. २०२२ च्या दिवाळीनंतर मी आणि मिस्त्रीकाकांनी ती अंगणात आणली.

आधी त्या खिडकीचं सांगते.

नंबर जुना, एमएचने सुरू होणारा तीन अक्षरी. १९८९ च्या आधीच्या गाड्यांना असेच नंबर असत. आरसी बुक कापडी पाठीचं, हाताने लिहिलेलं, शेवटच्या शिक्क्याप्रमाणे मुदत २००९ पर्यंत. मला दोन कामं करायची होती : वारस म्हणून गाडी माझ्या नावावर, त्यासाठी नमुना ३१, आणि नोंदणीचं नूतनीकरण, त्यासाठी नमुना २५. आईचं आणि दादाचं संमतीपत्र, बाबांचा मृत्यू दाखला, सगळं नीट लावून फेब्रुवारी २०२३ मध्ये गेले. खिडकीवरच्या बाईंनी नंबर टाकला, मान हलवली. "सिस्टीमला गाडी दिसत नाही."

हे वाक्य पुढचे अकरा महिने मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही ऐकू येई. नोंदी संगणकात गेल्या तेव्हा आमची गाडी गोधडीखाली होती, त्यामुळे ती कागदावरच राहिली. अशा गाडीची आधी बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या वहीतली नोंद संगणकात चढवून, करून घ्यावी लागते. हे मला त्या दिवशी कोणी सांगितलं नाही. सांगितलं ते असं, की आधी विमा आणा. विमावाल्याने नंबर टाकला. गाडी दिसत नाही. मग पीयूसी तरी काढावी म्हणून गेले. तिथलं यंत्रही त्याच नोंदीला जोडलेलं, तिथेही गाडी दिसत नाही. नोंदीसाठी विमा मागतात, विम्यासाठी नोंद मागतात. या गोलात मी दीड महिना फिरले. तुम्ही फिरू नका. क्रम असा धरा : पहिल्यांदा बॅकलॉग नोंद, मग विमा आणि पीयूसी, मग नाव, मग नूतनीकरण. खिडकीवर काहीही सांगोत, बॅकलॉगचा अर्ज लेखी द्या आणि त्यावर आवक क्रमांक घ्या.

खिडकीबाहेरच्या एका एजंटने याच काळात सोपी वाट दाखवली. "ताई, पन्नास वर्षं होऊन गेलीत ना? व्हिंटेजमध्ये टाका." मी जवळजवळ हो म्हणाले होते. घरी येऊन नियम वाचला म्हणून वाचले. २०२१ च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा मोटार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, जुना नंबर राखता येतो. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, फार तर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला. ज्याला गाडी काचेत ठेवायची आहे त्याच्यासाठी ती सोय चांगली आहे. मला भाजी आणायला जायचं होतं. साध्या नूतनीकरणात पाच वर्षं मिळतात आणि गाडी हवी तिथे नेता येते. माझ्या वेळी, २०२२ च्या एप्रिलपासून, दुचाकीचं ते शुल्क ३०० वरून १,००० रुपये झालं होतं. उशिराचा आकार तेव्हा महिन्याला ३०० रुपये होता, तो वेगळा. म्हणून ज्यांची मुदत अजून संपलेली नाही त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी तारीख बघावी.

बॅकलॉग नोंदीसाठी मूळ नोंदवही लागते, बी-रजिस्टर. आमच्या जिल्ह्याचं कार्यालय मधल्या काळात विभागलं गेलं, त्यामुळे जुनी रजिस्टरं नक्की कुठे आहेत हे दोन्हीकडे कोणालाच ठाऊक नव्हतं. हे म्हणायचे त्यांच्याकडे, ते म्हणायचे यांच्याकडे. मी सात रजा घातल्या. शेवटी निवृत्तीला आलेल्या एका शिपाईकाकांनी मला अभिलेख कक्षात नेलं, स्वतः शिडीवर चढले, आणि धूळ झटकून तो खंड खाली काढला. बाबांचं नाव, आमचा जुना वाड्याचा पत्ता, चेसिस नंबर, इंजिन नंबर, रंग मरून. त्या पानाची प्रमाणित प्रत मी लगेच मागून घेतली. तुम्हीही घ्या, आणि घरात दोन ठिकाणी ठेवा.

पान मिळालं म्हणजे काम झालं असं मला वाटलं. संगणकाला उत्पादनाचा महिना हवा होता आणि पानावर फक्त वर्ष होतं. त्यावर तीन आठवडे गेले. बाबांच्या ट्रंकेत विक्रेत्याची पावती सापडली, तिच्यावर तारीख होती, तेव्हा ते सुटलं. जुन्या गाडीचा एकही चिटोरा टाकू नये तो यासाठी.

आणि मग ती चूक. नोंद झाल्याचा संदेश आला, मी पेढे आणले, आणि तपशील उघडून पाहिला तर गाडी २९३ सीसी. कंपनीच्या यादीत जावा शोधताना कर्मचाऱ्याने २०१८ मध्ये नव्याने आलेल्या जावावर बोट ठेवलं होतं. माझ्या गाडीचा सिलिंडर ६५ मिलिमीटरचा, स्ट्रोक ७५ चा, म्हणजे २४९ सीसी, हवेवर थंड होणारी, टू-स्ट्रोक. कागदावर ती पाण्यावर थंड होणारी फोर-स्ट्रोक झाली. मी खिडकीवर गेले. "जावाच आहे ना? मग?" असं उत्तर मिळालं. मला तिथे रडू आलं, रागाने. अशी नोंद राहू दिली असती तर विम्यात खोट निघाली असती आणि तपासणीत निरीक्षकाने गाडी परत पाठवली असती.

दुरुस्तीचा अर्ज दिला. जून गेला, जुलै गेला. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस असतो, त्या दिवशी गाडी रस्त्यावर आणायची असं मी मनाशी ठरवलं होतं. तो दिवस मी अंगणात गाडी स्टँडवर सुरू करून घालवला. ऑगस्टमध्ये दादा म्हणाला, "तू रोज तिथे जाऊन उभी राहू नकोस, माहितीचा अधिकार टाक." दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज केला. फक्त तीन प्रश्न : माझा अर्ज आज कोणाच्या टेबलावर आहे, तिथे कोणत्या तारखेला आला, आणि त्यावर काय शेरा आहे. उत्तर द्यायला कायद्याने तीस दिवस असतात. सव्विसाव्या दिवशी उत्तराच्या आधी फोन आला, की दुरुस्ती झाली आहे. हा अर्ज मी मार्चमध्येच केला असता तर पाऊस सुरू व्हायच्या आत गाडी रस्त्यावर आली असती. प्रश्न तक्रारीच्या सुरात लिहू नका. टेबल, तारीख, शेरा, एवढंच विचारा.

शेवटची अडचण मात्र माझी होती आणि तिचा दोष मी कोणाला देत नाही. चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, मी घाईने पावडर कोटिंगला दिली होती. निरीक्षकांनी पेन्सिल प्रिंट, म्हणजे पेन्सिल घासून नंबराचा ठसा, घ्यायला सांगाड्याच्या मानेवर कागद धरला तर आकडे भरून गेलेले, अर्धा नंबर उमटेना. गाडी परत. मिस्त्रीकाकांनी रंग काढायचं रसायन कापसाने लावून, लाकडी काडीने खरवडून एकेक आकडा मोकळा केला. तिथे पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर चुकूनही लावू नका, खाडाखोड केल्याचा संशय येतो. आणि त्याहून आधी, रंगायला देण्यापूर्वी नंबरावर चिकटपट्टी लावून द्या आणि पेन्सिल प्रिंट घरी काढून ठेवा.

आता इंजिन. खरं सांगायचं तर तो भाग सुखाचा होता. पिस्टन जाम होता. प्लगच्या भोकातून डिझेल आणि ऑइल सोडून आठ दिवस ठेवलं, नवव्या दिवशी हलला. सिलिंडर बोअर केला, पिस्टन ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज बसवला. कनेक्टिंग रॉडचं किट नवं, क्रँक प्रेसवर बसवून, वाकडेपणा मोजणारा डायल लावून सरळ करून घेतला. हे काम ज्याच्याकडे डायल आहे त्याच्याकडेच करा, हातोड्याने सरळ करणारे भरपूर भेटतात.

एवढं करूनही गाडी आयडलला स्वतःहून चढायची आणि दोन किलोमीटरवर तापायची. आम्ही जिकोव्हचा कार्ब्युरेटर चार वेळा साफ केला. दोष क्रँकच्या उजव्या रबरी सीलमध्ये होता, डायनॅमोच्या बाजूला. टू-स्ट्रोकचा क्रँककेस हवाबंद असावा लागतो. सील वाळलं की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन भाजतं. डावीकडचं, क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरचं ऑइल आत जाऊन पांढरा धूर सुटतो. इंजिन उघडलंच आहे तर दोन्ही सीलं बदला, चांगली दिसत असली तरी. काका हे पहिल्या दिवशी म्हणाले होते.

त्यांचं आणखी एक मी ऐकायला हवं होतं : आधी पळू द्या, मग रंगवा. रंगवलेल्या गाडीचं इंजिन पुन्हा उतरवताना मडगार्डला पडलेला ओरखडा अजून आहे. टाकीवरची सोनेरी रेघ मात्र हाताने मारून घेतली, स्टिकर लावला नाही, आणि त्या रेघेचा मला अभिमान आहे. हात न थरथरता एका दमात अशी रेघ ओढणारे पेंटर आता थोडे उरलेत. वीज सहा व्होल्टच ठेवली. बारा व्होल्ट करा असं सगळे सांगतात, पण नवी वायरिंग, स्वच्छ अर्थिंग आणि जुन्या कटआउटच्या जागी इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर एवढ्यावर माझा दिवा संध्याकाळी घरी यायला पुरतो. रात्री हायवेवर जाणाऱ्याने वेगळा विचार करावा. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचं अंतर ०.४ मिलिमीटर, महिन्यातून एकदा पाहते.

पीयूसीला घाबरू नका. एप्रिल २००० च्या आधीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम अशी मर्यादा आहे. सीलं आणि कार्ब्युरेटर ठीक असतील तर जावा त्यात बसते. फक्त इंजिन चांगलं गरम करून न्या. पेट्रोलमध्ये ऑइल मी लिटरला ४० मिली टाकते, मोजून, अंदाजाने नाही.

जानेवारी २०२४ मध्ये आरसीचं कार्ड आलं. मी आधी सीसीचा रकाना पाहिला, मग नाव. २०२४ च्या जुलैतल्या त्या रविवारी आम्ही सकाळी निघालो, मागे आई बसली होती. बाबांच्या मागे ती जशी बसायची तशीच, एका बाजूला पाय सोडून, आणि घाटात गिअर बदलताना माझ्या खांद्यावर थापटून म्हणाली, "आत्ता टाक."

एक राहिलं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओल धरतं, टाकी आतून गंजते, जुनी रबरं फुगतात. दोन दिवसांपेक्षा जास्त उभी ठेवायची असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्ब्युरेटरमधला फ्लोट चेंबर रिकामा होतो. माझ्या कॉकचं वॉशर एका पावसाळ्यात गेलं तेव्हा हे कळलं.