कंपायलर कोसळला, कळवायचं का?

उबंटू २२.०४ वरून २४.०४ वर, म्हणजे जीसीसी या सी++ कंपायलरच्या (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या) आवृत्ती ११ वरून १३ वर गेलो आणि हिंजवडीच्या ऑफिसात बिल्ड दोन ठिकाणी कोसळला. टीममधला नवा मुलगा म्हणाला, "सर, कंपायलर स्वतःच बग रिपोर्ट मागतोय. टाकू का?" म्हटलं, थांब जरा.

पहिला लगेच निकालात निघाला. 'किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस' हा संदेश म्हणजे कंपायलरला सिस्टिमनं मारलंय. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, 'आउट ऑफ मेमरी' होतंच. १६ जीबीच्या मशीनवर मेकला जे-१६ दिलेलं, म्हणजे एका वेळी १६ फाइल्स कंपाइल. टेम्प्लेट्सनी भरलेली एकेक फाइल दीड-दोन जीबी खाते. जे-४ केलं, विषय संपला.

दुसरा मात्र खरा: 'इंटर्नल कंपायलर एरर: सेगमेंटेशन फॉल्ट', तोही दर वेळी त्याच ओळीवर. जागा बदलत असती तर आधी रॅम तपासली असती. वर दुसरी एररही नव्हती, म्हणजे आमचा कोड चुकलेला दिसत नव्हता. चुकीच्या कोडवर कंपायलर कोलमडला तर तोही बगच, पण त्याची घाई कोणाला नसते.

बग रिपोर्टला लागणारी प्रीप्रोसेस केलेली (सगळे हेडर आत ओतलेली) फाइल लाखभर ओळींची, आत क्लायंटचा कोड. ती बाहेर जाणं शक्यच नाही, गॉडबोल्ट या ऑनलाइन कंपायलर साइटवरसुद्धा. म्हणून क्रॅश टिकवून कोड कापत छोटा करणारं सी-व्हाइज लावलं. इथे सगळी गोम तपासणीच्या स्क्रिप्टमध्ये असते. नुसतं 'क्रॅश होतो का' विचारलं, तर ते कंस, सेमिकोलन खात सुटतं आणि हाती येतो भलतीकडेच कोसळणारा अर्धवट कोड. दोन अटी घातल्या: संदेशात तेच फंक्शन हवं (ओळीचा नंबर नको, तो व्हर्जनगणिक बदलतो) आणि क्लँग या दुसऱ्या कंपायलरनं तो कोड विनातक्रार घ्यायला हवा. संध्याकाळी १४ ओळी उरल्या: एक कॉन्सेप्ट (टेम्प्लेटवरची अट), त्याच्या रिक्वायर्समध्ये लॅम्डा (बिननावाचं फंक्शन). क्लायंटची उरलेली नावं हातानं बदलली.

मग गॉडबोल्ट. तिथल्या १३ वरही क्रॅश, म्हणजे दोष उबंटूच्या पॅचचा नाही. ट्रंकवरही, म्हणजे विकासातल्या ताज्या आवृत्तीवरही, तेच. ट्रंकवर गायब असता, तर बहुधा जुनं तिकीटच सापडलं असतं. ११ वर बिनबोभाट, म्हणजे रिग्रेशन, आधी चालणारं नव्या आवृत्तीत बिघडलं. ते शीर्षकातच लिहायचं. जीसीसीच्या बगझिलात, म्हणजे बगच्या नोंदवहीत, फंक्शनच्या नावानं शोधलं, जुळणारं काही नव्हतं.

"आता टाक," म्हटलं. व्हर्जनचं पूर्ण आउटपुट, पूर्ण कमांड, त्या १४ ओळी. स्क्रीनशॉट नको. आमच्या कोडात लॅम्डाच्या जागी फंक्शन ऑब्जेक्ट घातला आणि बिल्ड पुढे सरकला.