हिवरे बाजार आणि जामखेड : दोन दिवसांची फेरी, आणि जाणाऱ्यांसाठी थोडं

आमच्या गावात दोन सिमेंट बंधारे आहेत. दोन्ही गाळानं भरलेत आणि मार्च उजाडला की टँकर येतो. म्हणून यंदा ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही पाच जण निघालो : हिवरे बाजारला पाण्याचं काम बघायला आणि जामखेडला गावच्या आरोग्याचं. सोबत आमच्या आशाताई (गावच्या आशा आरोग्यसेविका) आणि ग्रामपंचायतीच्या एक सदस्या होत्या. जाणाऱ्यांना पहिला सल्ला हाच : ज्यांना परत येऊन काम करायचंय त्यांना घेऊन जा. एकट्यानं बघून आलं की गावात सांगताना ते गोष्टीसारखं वाटतं.

हिवरे बाजार नगर शहरापासून (आता अहिल्यानगर) पंधरा-सतरा किलोमीटरवर. फार लोक श्रावणात जातात, डोंगर हिरवेगार दिसतात म्हणून. माझं मत वेगळं आहे. पावसाळा सरल्यावर जा, कारण ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचे दिवस तेच. नाहीतर सरळ एप्रिलमध्ये जा आणि विहिरींत डोकावून बघा.

ताळेबंदाचं गणित एका आजोबांनी पारावर बसून समजावलं. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी झालं. गावाचं क्षेत्र हजार हेक्टरच्या आसपास, म्हणजे दर मिलिमीटरला जवळपास एक कोटी लिटर. यातलं काही वाहून जातं, काही उडून जातं, काही मुरतं. हाती राहिलेल्या पाण्यात आधी माणसं, जनावरं आणि घरवापर. उरलेल्यातलं ७० टक्के शेतीला आणि ३० टक्के पुढच्यासाठी जमिनीतच राखून ठेवायचं. त्यावरून रब्बीला काय पेरायचं ते ठरतं. पाऊस कमी, तर जास्त पाण्याचं पीक नाही. आजोबा हे सगळं असं सांगत होते की जणू घरातल्या धान्याच्या कणगीबद्दल बोलतायत.

नंतर डोंगरावर गेलो. सलग समतल चर फोटोत बघितले होते, पण चरात उतरून हात घातल्यावर खरं कळलं. वर पाचोळा कोरडा, कुरकुरीत. चार बोटं खाली माती गार आणि ओलसर, मुठीत दाबली की गोळा होणारी. शेजारचा उघडा मुरूम मात्र उन्हानं तापलेला होता. चर एकाच पातळीत असल्यामुळे पाणी धावत नाही, थांबतं आणि मुरतं. वरचा उतार असा धरला असता तर आमचे बंधारे इतक्या लवकर गाळानं भरले नसते. आम्ही काम खालून सुरू केलं होतं.

तरी मला विचाराल तर चर खणणं त्यातल्या त्यात सोपं. अवघड आहे ते पाळणं. इथं शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, डोंगरावर जनावर मोकळं सोडायचं नाही. चारा कापून आणायचा. एकाची बोअर खोल गेली की शेजाऱ्याची विहीर आटते, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. ते ग्रामसभेत उभं राहून बोलायला आणि मग वर्षानुवर्षं पाळायला गाव लागतं. पोपटराव पवार नव्वदच्या सुमारास सरपंच झाले, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मधली तीस वर्षं या पाळण्याची आहेत. १९९५ मध्ये दारिद्र्यरेषेखाली १६८ कुटुंबं होती, ती पुढे बोटांवर मोजण्याइतकी राहिली.

मुक्काम नगरला केला आणि सकाळी लवकर कडा-आष्टीमार्गे जामखेड गाठलं. हा रस्ता मध्येच बीड जिल्ह्यात शिरतो आणि परत नगरमध्ये येतो. दोन तास धरून चाला.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी इथं १९७० मध्ये काम सुरू केलं. नुसत्या दवाखान्यानं भागत नाही हे त्यांच्या लगेच लक्षात आलं, कारण बहुतेक आजार पाणी, अन्न आणि अंधश्रद्धेतून येत होते. बाहेरून नेमलेल्या नर्स गावात रुळेनात, म्हणून गावातलीच बाई निवडून तिला शिकवायचं ठरलं. कित्येक जणी दलित, कित्येक निरक्षर. हातपंपसुद्धा मुद्दाम दलित वस्तीत बसवले, म्हणजे पाण्यासाठी सगळ्यांनी तिथंच यावं. १९७१ मध्ये त्या भागात हजारी १७६ बालकं पहिल्या वाढदिवसाआधी दगावत होती. पुढे हे प्रमाण तिशीच्या खाली आलं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देशभर आशाताई आल्या त्या २००५ नंतर.

एका ज्येष्ठ आरोग्यसेविकेनं आमच्यासमोर जलसंजीवनी करून दाखवली. लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमच्यावरून बोट फिरवून त्यांनी जास्तीचं मीठ खाली पाडलं, ढवळलं आणि बाळाला देण्याआधी स्वतः चाखलं. म्हणाल्या, "डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं." आमच्या आशाताई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या त्या तासभर उठल्याच नाहीत. पुरुषांना बाहेर जायला सांगितलं तेव्हा कुठं बाळंतपणाचं, पांढऱ्या पाण्याचं बोलणं मोकळेपणानं झालं. त्यामुळे सोबत बायका हव्यातच आणि पुरुषांनी वेळेवर उठून बाहेर जावं.

दोन्ही ठिकाणी आधी कळवून, वेळ ठरवून जा. लोक आपापली कामं बाजूला ठेवून बोलतात. वही न्या. फोटो विचारून काढा, दवाखान्यात तर काढूच नका. आणि आपल्या गावाचं क्षेत्र, विहिरींची संख्या, गेल्या वर्षीचा पाऊस लिहून न्या. आम्हाला पहिला प्रश्न हाच विचारला गेला आणि पावसाचा आकडा आमच्यातल्या एकाकडेही नव्हता.

परत आल्यावर शाळेच्या आवारात, झाडांपासून लांब, पर्जन्यमापक बसवलाय. सातवीची मुलं नोंद ठेवणार आहेत. गावातल्या चार विहिरींची पातळी दर महिन्याच्या एक तारखेला दोरी सोडून मोजायची ठरलीय. पहिली नोंद झाली. बोअरचा विषय जानेवारीच्या ग्रामसभेत घेतोय.